उभ्या पडद्याचे खेळ आणि घरगुती मॉनिटर : चित्ररेषांच्या निवडीचा इतिहास

प्रस्तावना

नाणे टाकून चालणाऱ्या व्हिडिओ खेळांचा इतिहास बहुधा कंपन्यांचा, निर्मात्यांचा आणि विक्रीच्या आकड्यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. हे खेळ ज्या पडद्यावर दिसत होते त्या पडद्याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. 'स्पेस इन्व्हेडर्स' (१९७८), 'पॅक-मॅन' (१९८०), 'डाँकी काँग' (१९८१), 'गॅलागा' (१९८१) हे त्या पर्वातील सर्वांत परिचित खेळ उभ्या पडद्यासाठी रचलेले होते. या यंत्रांच्या पेटीत बसवलेला मॉनिटर तत्त्वतः दूरचित्रवाणी संचासारखाच, पण नव्वद अंशांत फिरवून कुशीवर ठेवलेला असे. घरातला दूरचित्रवाणी संच आडवा, संगणकाचा मॉनिटरही आडवा. त्यामुळे हे खेळ घरी आणू पाहणाऱ्या कंपन्यांना आणि पुढे स्वतःच्या घरात आर्केडची पेटी उभारणाऱ्या छांदिष्टांना एकच प्रश्न सोडवावा लागला : या उभ्या चित्रासाठी पडद्याचे कोणते रिझोल्यूशन निवडावे?

रिझोल्यूशन म्हणजे चित्र रुंदीत किती आणि उंचीत किती बिंदूंचे बनले आहे याची नोंद. 'पॅक-मॅन'चे रिझोल्यूशन २२४ × २८८ असे सर्रास लिहिले जाते. ही नोंद वाचणाऱ्याला दोन्ही आकडे एकाच जातीचे वाटतात. ज्या किरण नलिकेच्या पडद्यावर हा खेळ १९८० मध्ये दिसला त्या पडद्यावर मात्र ते एका जातीचे नव्हते. त्यांतील २२४ ही चित्ररेषांची संख्या होती आणि २८८ ही एका रेषेवरील बिंदूंची. पहिली संख्या यंत्राच्या घडणीने बांधलेली, दुसरी बरीचशी लवचीक. हा भेद विसरून केलेली निवड चित्र पडद्यावर आणते, परंतु मूळ यंत्राविषयीचा एक पुरावा त्यातून नाहीसा होतो, हे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

पडदा उभा का झाला?

अटारी कंपनीच्या १९७६ मधील 'ब्रेकआउट' या खेळात पडदा उभा होता. वरच्या बाजूला विटांची भिंत, तळाशी खेळाडूची फळी आणि मधल्या मोकळ्या जागेत उसळणारा चेंडू अशी त्याची मांडणी होती. चित्र कृष्णधवल असल्याने विटांना रंग येण्यासाठी पडद्यावर रंगीत पट्ट्या चिकटवलेल्या असत. जपानच्या ताइतो कंपनीतील तोमोहिरो निशिकादो यांच्यावर या खेळाचा प्रभाव होता, आणि त्यांनी १९७८ मध्ये घडवलेल्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये विटांच्या जागी शत्रूंच्या रांगा आल्या. त्या रांगा हळूहळू खाली सरकतात. खेळाडूची तोफ तळाशी डावी-उजवीकडे फिरते. खेळाचा सारा ताण वरून खाली येणाऱ्या अंतरात साठवलेला आहे.

येथे साधे भूमितीचे गणित उपयोगी पडते. त्या काळच्या चित्रनलिकेच्या बाजूंचे प्रमाण ४ : ३ असे होते. तीच नलिका कुशीवर ठेवली की उंची ३ भागांवरून ४ भागांवर जाते, म्हणजे एक तृतीयांशाने वाढते. शत्रूचा वेग तोच ठेवला तरी खेळाडूला विचार करण्यास एक तृतीयांश अधिक अवधी मिळतो, किंवा अवधी तेवढाच ठेवून शत्रूंची आणखी एखादी रांग सामावता येते. बैठ्या टेबलाच्या रूपातील यंत्रे जपानमधील कॉफीगृहांत पसरली. दोन खेळाडू समोरासमोर बसत आणि पाळी बदलली की चित्र उलटे होई. तेथे 'उभे' आणि 'आडवे' हे शब्द खेळाडू टेबलाच्या कोणत्या बाजूस बसतो यावरच अवलंबून राहिले.

नामकोच्या 'गॅलॅक्सियन'चे (१९७९) माप २२४ × २५६ होते. तोरू इवातानी यांच्या 'पॅक-मॅन'मध्ये आणि 'गॅलागा'मध्ये ते २२४ × २८८ झाले. निन्टेन्डोच्या 'डाँकी काँग'चे माप २२४ × २५६. पुढे १९९७ मध्ये केव्ह या कंपनीच्या 'दोदोनपाची' या खेळात ते २४० × ३२० झाले. या सर्व जोड्यांत पहिला आकडा २४० पर्यंतच थांबतो आणि दुसरा मात्र २५६ वरून ३२० पर्यंत वाढत जातो. याचे कारण खेळाच्या कल्पनेत शोधून सापडणार नाही. ते चित्रनलिकेत आहे.

रेषा आणि बिंदू

किरण नलिकेत इलेक्ट्रॉन शलाका पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धावून एक रेषा उजळते, झपकन परत येते आणि शेजारची रेषा आखते. या क्रियेला क्रमवीक्षण म्हणतात. अमेरिका आणि जपान येथील दूरचित्रवाणीच्या प्रमाणानुसार शलाका सेकंदाला सुमारे १५,७३४ रेषा आखते. चित्र सेकंदाला ६० वेळा नवे करायचे असेल तर एका चित्राच्या वाट्याला सुमारे २६२ रेषा येतात. त्यांतील काही रेषांचा वेळ शलाका आरंभस्थानी परत जाण्यात खर्च होतो आणि प्रत्यक्ष दिसणाऱ्या रेषा जेमतेम २४० उरतात. आर्केडमधील बहुसंख्य मॉनिटर याच १५ किलोहर्ट्झच्या जातीचे होते.

रेषेच्या लांबीवर मात्र असे बंधन नसते. शलाका अखंड सरकते. तिची तीव्रता वाटेत २५६ वेळा बदलायची की ३२० वेळा हे खेळाच्या मंडलातील घड्याळ ठरवते, नलिका नव्हे. मॉनिटरला बिंदूंची संख्या ठाऊकच नसते.

'पॅक-मॅन'च्या मंडलाचे आकडे या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत. बिंदू-घड्याळ ६.१४४ मेगाहर्ट्झचे. एका रेषेला ३८४ घड्याळठोके, त्यांपैकी २८८ दृश्य बिंदूंचे. म्हणजे सेकंदाला १६,००० रेषा. एका चित्राला २६४ रेषा, त्यांपैकी २२४ दृश्य. सोळा हजारांना २६४ ने भागले की ६०.६०६ हा आकडा मिळतो. तेवढ्या वेळा चित्र दर सेकंदाला नवे होई. 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये घड्याळ ४.९९२ मेगाहर्ट्झचे, रेषेला ३२० ठोके आणि चित्राला २६२ रेषा. त्यामुळे वारंवारता ५९.५४ इतकी येते. दोन्ही यंत्रे ६० च्या आसपास आहेत, पण नेमकी ६० वर एकही नाही. घरच्या पडद्याची निवड करताना या अपूर्णांकांनी बराच त्रास दिला, त्याचा उल्लेख पुढे येईल.

मॉनिटर कुशीवर असल्याने या रेषा खेळाडूला उभ्या दिसत. कोणत्या कुशीवर, हेही महत्त्वाचे. 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये शलाका प्रत्येक रेषा खालून वर आखते आणि चित्र डावीकडून उजवीकडे भरत जाते. 'पॅक-मॅन'मध्ये मॉनिटर उलट्या बाजूला फिरवलेला आहे. तेथे रेषा वरून खाली आणि भरणे उजवीकडून डावीकडे. हा केवळ सुताराच्या सोयीचा तपशील नव्हे. 'स्पेस इन्व्हेडर्स'चे चित्र ७,१६८ बाइटांच्या स्मृतीत साठवले जाई आणि शलाका पडद्याच्या मध्याजवळ पोचताच प्रक्रियकाला सूचना मिळे. शलाका उजव्या अर्ध्यात असताना कार्यक्रम डावा अर्धा बदलून घेई आणि मग उलट. शत्रूंच्या आकृत्या न फाटता सरकत त्या या पाळीमुळे. शत्रू कमी होत जातात तसा त्यांचा वेग वाढतो, या प्रसिद्ध वैशिष्ट्याचे मूळही आकृत्या आखण्याच्या या संथ श्रमातच आहे.

२२४ ही संख्या २४० च्या आत असल्याने कुशीवर ठेवलेल्या मॉनिटरवर हे सर्व खेळ सहज बसतात. तोच मॉनिटर सरळ उभा केला की गणित उलटते. आता 'पॅक-मॅन'ची २८८ ही बाजू उंचीत येते आणि तिच्यासाठी २८८ रेषा हव्यात. नलिका देते २४०. अठ्ठेचाळीस रेषांची ही तूट हाच घरगुती निवडीच्या साऱ्या इतिहासाचा उगम आहे.

बैठकीतला संच

पहिली तडजोड खेळाच्या रचनेत झाली. अटारीच्या घरगुती यंत्रावर १९८२ मध्ये आलेल्या 'पॅक-मॅन'मध्ये चक्रव्यूहच आडवा आहे. मूळ खेळात डाव्या आणि उजव्या कडांना असलेले बोगदे येथे वरच्या आणि खालच्या कडांना गेले. पडदा फिरवता आला नाही म्हणून चक्रव्यूह फिरला, असे त्याचे वर्णन करता येईल. या आवृत्तीची जी निंदा झाली तिचा रोख प्रामुख्याने लुकलुकणाऱ्या भुतांवर आणि रंगांवर होता. बोगद्यांच्या स्थलांतराबद्दल त्यामानाने कमी बोलले गेले, वास्तविक मूळ मांडणीला झालेला तो अधिक खोल बदल होता.

निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या यंत्रासाठी १९८४ मध्ये निघालेल्या आवृत्तीने निराळा मार्ग घेतला. मूळ चित्र २८ × ३६ चौकोनी तुकड्यांचे आहे. त्यांत प्रत्यक्ष चक्रव्यूह २८ × ३१ तुकड्यांचा, वरच्या तीन ओळी गुणांच्या आणि खालच्या दोन उरलेल्या जिवांच्या व फळांच्या. फॅमिकॉमचे चित्र २५६ × २४० बिंदूंचे. आठ बिंदूंचा एक तुकडा धरला तर चक्रव्यूहालाच २४८ बिंदू उंची लागते. म्हणून चक्रव्यूह आक्रसला आणि गुणफलक उजव्या हाताला रिकाम्या झालेल्या जागेत आला. फॅमिकॉमबरोबरच जुलै १९८३ मध्ये बाजारात आलेल्या 'डाँकी काँग'मध्ये मूळ चार टप्प्यांपैकी एक टप्पा पूर्णपणे गळाला. त्यामागे स्मृतीची मर्यादा हे मुख्य कारण मानले जाते. सर्वच दोष पडद्याच्या माथी मारणे योग्य होणार नाही. भारतात १९९० च्या दशकात फॅमिकॉमच्या नकला मोठ्या प्रमाणावर विकल्या गेल्या आणि येथील अनेक मुलांनी हे खेळ प्रथम पाहिले ते याच आडव्या, काटछाट केलेल्या रूपात.

भारताच्या संदर्भात आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. येथे १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू झाले ते पाल या पद्धतीने. तीत सेकंदाला १५,६२५ रेषा आणि ५० क्षेत्रे असतात; एका क्षेत्राच्या वाट्याला ३१२ हून थोड्या अधिक रेषा येतात आणि त्यांपैकी दृश्य रेषा असतात नेमक्या २८८. 'पॅक-मॅन'ला सरळ पडद्यावर जेवढ्या रेषा हव्यात तेवढ्याच! परंतु त्याची किंमत वेगात मोजावी लागते. ६०.६ ऐवजी ५० वेळा चित्र नवे होणार असेल तर एक तर खेळ सुमारे साडेसतरा टक्क्यांनी मंदावतो, नाही तर सेकंदाला दहा-अकरा चित्रे गाळावी लागतात. आकार साधला की काळ बिघडतो, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण.

तिसरा मार्ग खेळाडूवर भार टाकणारा होता : संचच फिरवा. जपानी भाषेत 'उभे' या अर्थी असलेला 'ताते' हा शब्द या रीतीसाठी रूढ झाला आणि पाश्चात्त्य छांदिष्टांनीही तो उचलला. सेगा सॅटर्न या यंत्रावरील 'लेयर सेक्शन' (१९९५) आणि 'बॅटल गॅरेगा' (१९९८) या खेळांत चित्र नव्वद अंशांत फिरवून देण्याची सोय होती. 'इकारुगा'चे उदाहरण अधिक बोलके आहे. २००१ मधील हा आर्केड खेळ ४८० × ६४० बिंदूंचा. २००२ मध्ये तो ड्रीमकास्टवर आला तेव्हा सरळ ठेवलेल्या पडद्यावर ६४० ची उंची ४८० रेषांत कोंबावी लागे आणि रुंदी ३६० वर येई. पडदा कुशीवर ठेवणाऱ्याला मात्र ४८० च्या ४८० रेषा जशाच्या तशा मिळत.

घरगुती संच कुशीवर ठेवणे सोपे नव्हते. मोठ्या नलिकेचे वजन, आडव्या स्थितीसाठी केलेली वायुवीजनाची छिद्रे आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या संदर्भात नलिकेची दिशा बदलल्याने पडद्यावर उमटणारे रंगांचे डाग या तिन्ही अडचणी होत्या. आर्केडचा मॉनिटर लोखंडी सांगाड्यावर उघडाच बसवलेला असल्याने त्याला ही अडचण कमी जाणवे. ताइतोच्या 'इग्रेट २' या पेटीत तर मॉनिटर बाहेर न काढताच फिरवता येई.

संगणकावरील गणित

इटलीतील निकोला साल्मोरिया यांनी ५ फेब्रुवारी १९९७ रोजी 'मेम' या कार्यक्रमाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. जुन्या आर्केड यंत्रांच्या मंडलांचे वर्तन साध्या संगणकावर हुबेहूब उभे करणे हा तिचा हेतू. यानंतर अमेरिका-युरोपातील घरांमधून संगणक बसवलेल्या आर्केड पेट्या दिसू लागल्या. पेटी एक आणि खेळ शेकडो. काही उभे, काही आडवे. मॉनिटर कोणत्या बाजूने बसवावा हा निर्णय येथे अटळ झाला. बहुतेकांनी तो आडवा बसवला आणि उभ्या खेळांसाठी दोन्ही बाजूंना काळे पट्टे सोसले. ४ : ३ च्या आडव्या पडद्यावर ३ : ४ चे चित्र पूर्ण उंचीत बसवले तर पडद्याच्या क्षेत्रफळाचा ५६ टक्के भागच कामी येतो.

संगणकाच्या नलिका-मॉनिटरची जात वेगळी होती. १९८७ मध्ये आयबीएमने आणलेल्या व्हीजीए पद्धतीत सेकंदाला सुमारे ३१,५०० रेषा आखल्या जात आणि ६४० × ४८० हे तिचे नेहमीचे माप होते. अशा पडद्यावर जुन्या खेळाची प्रत्येक रेषा दोनदा आखून चित्र मोठे करता येते. कुशीवर ठेवलेल्या पडद्यावर २२४ च्या दुप्पट ४४८, म्हणजे ४८० च्या आत, काम झाले. आडव्या पडद्यावर २५६ ची दुप्पट ५१२ आणि २८८ ची दुप्पट ५७६. दोन्ही ४८० बाहेर जातात, म्हणून ८०० × ६०० कडे वळावे लागते. आर्केड पेट्यांसाठी बनलेल्या वेल्स-गार्डनर कंपनीच्या डी९२०० या सत्तावीस इंची मॉनिटरची कमाल मर्यादा ३८ किलोहर्ट्झच्या आसपास होती आणि ८०० × ६०० हे माप ६० च्या वारंवारतेला साधारण तेवढेच मागते. उभ्या खेळांचा शौकीन आणि आडवा मॉनिटर यांची गाठ या मर्यादेच्या अगदी काठावर पडत असे.

चांगल्या संगणक-मॉनिटरवर एक चमत्कारिक योग जुळून आला होता. संगणकांच्या प्रचलित मापांत १०२४ × ७६८, ११५२ × ८६४ आणि १२८० × ९६० ही तीन मापे होती. ७६८ म्हणजे २५६ ची तिप्पट, ८६४ म्हणजे २८८ ची तिप्पट आणि ९६० म्हणजे ३२० ची तिप्पट. 'डाँकी काँग', 'पॅक-मॅन' आणि 'दोदोनपाची' यांना आडव्या पडद्यावर पूर्ण उंचीत, एकही रेषा न वाढवता वा गाळता बसवणारी तीन स्वतंत्र मापे अशा रीतीने आयतीच हाताशी होती. कोणी ती या हेतूने ठरवलेली नव्हती. तरीही बऱ्याच पेट्यांतून एकच माप ठरवून सर्व खेळ त्यात ताणून बसवले जात. २८८ चे ७६८ करताना प्रत्येक रेषेच्या वाट्याला २.६७ रेषा येतात; काही रेषा दोनपदरी, काही तीनपदरी होतात आणि सरकणाऱ्या आकृतीचा आकार प्रत्येक पावलाला बदलल्यासारखा भासतो. छायांकन करून हा दोष झाकला जाई, पण मग चित्र धूसर होई.

वेळेचा प्रश्न याहून किचकट. घरगुती मॉनिटर अनेकदा ७५ च्या वारंवारतेवर चालवले जात, कारण ६० ला नलिका डोळ्यांना लुकलुकताना जाणवते. ६०.६ चे चित्र ७५ च्या पडद्यावर दाखवायचे म्हणजे सेकंदाला सुमारे चौदा चित्रे दोनदा दिसणार. पार्श्वभूमी संथपणे सरकणाऱ्या खेळात हा धक्का लगेच लक्षात येतो. 'दोदोनपाची'ची वारंवारता सुमारे ५७.५. तो ६० च्या पडद्याशी बांधला तर खेळ चार टक्क्यांनी वेगवान होतो. शेकडो गोळ्यांमधून वाट काढण्याच्या या खेळात चार टक्के ही क्षुल्लक बाब नव्हे.

यावर जे जाणकार होते ते मूळ १५ किलोहर्ट्झच्या मॉनिटरकडेच परतले. संगणकाची सामान्य चित्रपत्रे एवढी मंद रेषागती देत नसत आणि जुन्या आर्केड मॉनिटरला चुकून ३१ किलोहर्ट्झचा संकेत दिला तर त्याची हानी होण्याचा धोका असे. 'अॅडव्हान्समेम' हा कार्यक्रम, 'आर्केडव्हीजीए' हे खास चित्रपत्र आणि नंतरच्या काळातील 'सीआरटी इम्यूड्रायव्हर' व 'ग्रूवीमेम' ही जोडी यांनी हा मार्ग खुला केला. 'ग्रूवीमेम' प्रत्येक खेळासाठी त्याच्या रेषा आणि वारंवारता यांना जुळणारे माप त्या क्षणी तयार करते. त्यातील एक युक्ती या निबंधाच्या मुद्द्याचा प्रत्यक्ष दाखलाच आहे. तेथे रुंदीचा आकडा सर्व खेळांसाठी २५६० असा भरमसाट ठेवता येतो आणि केवळ रेषांची संख्या खेळागणिक बदलली जाते. रेषेवर २५६ बिंदू असोत वा २५६०, नलिकेला फरक पडत नाही. रेषांची संख्या मात्र एकाने चुकली तरी चालत नाही.

आणि तरीही, मॉनिटर सरळ असेल तर अठ्ठेचाळीस रेषांची तूट कायमच राहते. मग एकाआड एक रेषा आखून दोन फेऱ्यांत चित्र पुरे करावे, म्हणजे ते थरथरते. वारंवारता उतरवावी, म्हणजे खेळ मंदावतो. की रेषा गाळाव्यात, म्हणजे आकृती मोडते? १५ किलोहर्ट्झच्या आडव्या पडद्यावर 'पॅक-मॅन'साठी या तिन्हींपैकी एक दुखणे पत्करावेच लागते. पडदा फिरवणे हाच एकमेव निर्दोष उपाय, आणि तो रिझोल्यूशनच्या यादीत कोठेच लिहिलेला नसतो.

सपाट पडदा

नलिकेचे युग संपत आले असतानाच, २००५ मध्ये, महाराष्ट्रात वाढलेल्या व्हिडिओकॉन समूहाने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा चित्रनलिकांचा व्यवसाय विकत घेतला होता. पुढील दहा वर्षांत घरोघरचे पडदे सपाट झाले.

सपाट पडद्यावर रेषा नसतात. जागच्या जागी बसवलेले चौकोनी बिंदू असतात. त्यामुळे रेषा आणि बिंदू यांतील जुना भेद मिटला आणि त्याची जागा पूर्णांकाच्या गणिताने घेतली. मूळ बिंदू पूर्ण पटीत मोठा झाला तरच चित्र रेखीव राहते. सोळाशे बाय बाराशेचा ४ : ३ सपाट पडदा कुशीवर ठेवला तर 'दोदोनपाची' पाच पटीने नेमका कडेपासून कडेपर्यंत बसतो : २४० चे १२००, ३२० चे १६००. 'पॅक-मॅन' त्याच पडद्यावर ११२० × १४४० मध्ये थोडे काठ सोडून बसतो. त्यानंतर सर्वत्र पसरलेल्या १९२० × १०८० च्या रुंद पडद्याने ही सोय काढून घेतली. आडव्या स्थितीत २८८ ची तिप्पट ८६४ होते आणि चौपट मावत नाही. पूर्णांकाचा आग्रह सोडून चित्र पुऱ्या उंचीत ताणले तरी क्षेत्रफळाचा ४२ टक्के भागच वापरात येतो. पडदा उभा केला तर हे प्रमाण ७५ टक्क्यांवर जाते.

पूर्णांकाच्या आग्रहात एक नवी चूक शिरली, ती अशी की मूळ बिंदू चौकोनी होते असे गृहीत धरले जाते. उभ्या नलिकेचे प्रमाण ३ : ४ आणि 'स्पेस इन्व्हेडर्स'चे बिंदू २२४ × २५६, म्हणजे त्याचा एक बिंदू उंचीच्या मानाने अरुंद होता, प्रमाण ६ : ७. चौकोनी बिंदूंत दाखवले की शत्रू लठ्ठ दिसतात. रुंदीत सहापट आणि उंचीत सातपट केले तर १३४४ × १७९२ हे नेमके ३ : ४ चे चित्र मिळते आणि ते १४४० × २५६० च्या, कुशीवर ठेवलेल्या आधुनिक मॉनिटरवर मावते. 'पॅक-मॅन'साठी असा सुटसुटीत योग नाही. तेथील प्रमाण २७ : २८ असे आहे. समान पटीने केलेल्या चित्रात सुमारे पावणेचार टक्क्यांची चूक राहते आणि ती सहन करणेच शहाणपणाचे. रेषा धूसर करून साधलेले अचूक प्रमाण हे वाईट सौदा ठरते.

जतन आणि नोंद

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ मध्ये 'पॅक-मॅन' आणि २०१३ मध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' आपल्या संग्रहात घेतले. या खेळांचे प्रदर्शन मूळ पेटीविना करण्याचे धोरण तेथे ठेवण्यात आले. लक्ष आंतरक्रियेच्या रचनेकडे जावे, पेटीवरील चित्रांकडे नव्हे, ही त्यामागील भूमिका. ती समजण्यासारखी आहे. परंतु पेटी काढली की पडद्याची दिशा तिच्याबरोबर जाण्याचा धोका असतो, आणि 'स्पेस इन्व्हेडर्स'च्या अमेरिकेतील उभ्या पेटीत तर चित्र मॉनिटरवर उलटे आखून आरशातून, मागे रंगवलेल्या चंद्रभूमीवर, पाडलेले होते. तेथे पडदा कोठे संपतो आणि पेटी कोठे सुरू होते हे सांगणेच अवघड.

ताइतोने २०२२ मध्ये 'इग्रेट २ मिनी' हे मेजावर मावणारे यंत्र काढले. त्याचा छोटा सपाट पडदा ४ : ३ प्रमाणाचा आहे आणि जुन्या पेटीतल्याप्रमाणे हाताने फिरवता येतो. नलिका नाही, रेषा नाहीत, पण दिशा जपलेली आहे. मूळ नलिका असलेल्या आडव्या पेटीपेक्षा हे यंत्र एका अर्थाने मूळ खेळाच्या अधिक जवळ जाते, असे म्हणण्यास जागा आहे.

छांदिष्टांच्या याद्यांत आजही 'पॅक-मॅन' समोर २२४ × २८८ असे लिहिलेले आढळते. 'मेम'च्या स्वतःच्या नोंदीत मात्र रुंदी २८८, उंची २२४, फिरवण ९० अंश, रेषेचे एकूण ठोके ३८४, चित्राच्या एकूण रेषा २६४ आणि वारंवारता ६०.६०६०६१ असा तपशील आहे. 'स्पेस इन्व्हेडर्स'ची फिरवण तेथे २७० अंश अशी दिली आहे.